निळ्या दिव्याखालचा गाल

सूड घेणारी माणसं नंतर सांगतात, आम्हाला फक्त न्याय हवा होता. मी तसं म्हणणार नाही. मे महिन्यातल्या त्या रविवारी मला एक माणूस भाजलेला बघायचा होता. तोही तोंडावर, आणि जमलं तर माझ्या मावशीच्या डोळ्यांदेखत.

आम्ही तंजावरचे मराठी. दोन पिढ्यांपूर्वी आमच्यातले बरेच जण नोकऱ्यांसाठी मद्रासला आले, त्यांतले आम्ही. मी पुण्याला शिकले म्हणून माझी मराठी अशी पुस्तकी झाली. मावशीची मात्र जुनी तंजावरी, निम्म्या वाक्यात तमिळ शिरलेली. तिने एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. लग्न केलं नाही. मला चेन्नईत नोकरी लागली तेव्हा तिने विचारलंही नाही, क्रोमपेटच्या घरातली एक खोली रिकामी करून ठेवली आणि माझ्या नोकरीच्या कागदांवर स्वतःच तिथला पत्ता लिहून टाकला.

माझी नोकरी सिरुसेरीकडच्या रस्त्यावर, एका प्रयोगशाळेत. आम्ही म्हाताऱ्या पेशींवर काम करतो. शरीरातल्या काही पेशी एका टप्प्यावर वाढायच्या थांबतात, पण मरत नाहीत. जागा अडवून बसतात आणि शेजारच्या चांगल्या पेशींना बिघडवणारी द्रव्यं सोडत राहतात. त्या शोधायच्या आणि नेमक्या तेवढ्याच मारायच्या, हे आमचं काम. त्यासाठी आम्ही एक रसायन वापरतो. त्याला साखरेचा एक तुकडा जोडलेला असतो. तो तुकडा आहे तोवर रसायन झोपलेलं. म्हाताऱ्या पेशीत ती साखर तोडणारं एन्झाइम भरपूर असतं. साखर तुटली की रसायन जागं होतं आणि निळ्या दिव्याखाली लाल चमकायला लागतं. पेशी सापडली. मग तिच्यावर प्रखर प्रकाश टाकायचा, की तेच रसायन तिला आतून संपवतं. शेजारची तरुण पेशी शाबूत राहते.

हे सगळं काचेच्या बशीत, आणि थोडं उंदरांवर. माणसाच्या कातडीपर्यंत जायला अजून किती वर्षं लागतील, हे आमच्या सरांनाही सांगता येत नाही.

पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली ती लाली दिसली, त्या दिवशी मी घरी येऊन मावशीला फोनवरचा फोटो दाखवला होता. काळ्या पार्श्वभूमीवर निखाऱ्यांसारखे विखुरलेले ठिपके. डाव्या कोपऱ्यात एक बारीक धागा, तोही चमकत होता. माझ्या कोटाचा सुती धागा बशीत पडला होता.

"हे काय मणून?" मावशीने त्या धाग्यावर बोट ठेवलं.

"ती माझी चूक. सर म्हणाले, कापून टाक तेवढा भाग."

"राहू दे. नंतर कुणी चोरलं तर कळेल तुझं मणून." ती शिक्षिका होती. तिच्या डोक्यात कॉपी करणाऱ्या मुली कायमच्या बसलेल्या.

चोरणारा त्या वेळी आमच्याच प्रयोगशाळेत, माझ्या शेजारच्या टेबलावर होता. माझ्याहून चार वर्षांनी लहान. मला अक्का म्हणायचा. पेशी कशा वाढवायच्या, दूषित झाल्या तर कशा ओळखायच्या, हे मी त्याला हात धरून शिकवलं. आवाज इतका मऊ की तो काही मागायला आला की नाही म्हणायला जड जायचं. एक दिवस पीएच.डी. अर्धवट सोडून निघून गेला. सर दोन दिवस चिडले आणि मग विसरले. मीही विसरले.

दोन वर्षांनी, मार्चमध्ये, मावशीच्या शाळेतल्या जुन्या मुलींनी मेळावा ठरवला. त्या मुली आता पन्नाशीच्या. मावशी अडुसष्टची. तिच्या गालांवर तपकिरी डाग होते, त्याचं तिला कधी काही वाटल्याचं मी पाहिलं नव्हतं. पण त्या आठवड्यात ती दोनदा आरशापुढे उभी राहिलेली मला दिसली आणि दोन्ही वेळा मला पाहून केस सारखे करायला लागली.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रातून एक पत्रक पडलं. "प्रकाशाने म्हाताऱ्या पेशी शोधा, प्रकाशानेच नष्ट करा. दहा वर्षं तरुण व्हा." वर माझा फोटो. म्हणजे माझ्या पेशींचा. डाव्या कोपऱ्यात माझ्या कोटाचा धागा.

मावशीने तो धागा ओळखला. कुणी चोरलं असेल हे मात्र तिच्या मनातही आलं नाही. तिला वाटलं, माझं काम पूर्ण झालं, लोकांपर्यंत पोचलं, आणि मी स्वभावाप्रमाणे घरी काही बोलले नाही. मला चकित करायचं म्हणून ती न सांगता एकटी त्या क्लिनिकमध्ये गेली. तिने त्या माणसावर विश्वास ठेवला नव्हता. माझ्यावर ठेवला होता.

तिथल्या मुलीने तिच्या चेहऱ्याला लेप लावला, वर पातळ प्लॅस्टिक चिकटवलं, तासभर अंधाऱ्या खोलीत बसवलं. मग तो आला. निळा दिवा धरून आरसा दाखवला. पूर्ण चेहरा लाल. "पाहा अम्मा, या सगळ्या म्हाताऱ्या पेशी," तो म्हणाला. मग काही मिनिटं लाल दिव्याचा झोत. थोडं चुणचुणलं. चेहरा धुतला, घरी लावायला एक डबी दिली आणि साडेअकराला तिला रस्त्यावर सोडलं.

ती बसथांब्यावर अर्धा तास उभी होती. चेन्नईत मार्चअखेर दुपारी बाराला बसथांब्यावर उभं राहणं काय असतं, ते इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. बस आली नाही, म्हणून स्टेशनपर्यंत चालत गेली.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती आणि तोंडावर ताकात भिजवलेला पंचा धरला होता. पंचा काढला तेव्हा मला आधी वाटलं, उकळतं सांबार अंगावर सांडलं.

"जळते गं," ती म्हणाली. "अस्कं तोंड जळते." अस्कं म्हणजे सगळं. लहानपणी या शब्दाला मी हसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे सुजून बंद झाले होते. इस्पितळात कातडीच्या डॉक्टर बाईंनी एकच प्रश्न विचारला, "लेप लावल्यावर दोन दिवस उजेडात जायचं नाही, हे कुणी सांगितलं नाही?" मावशीने मान हलवली. नाही.

फोड आले, फुटले, साल निघाली. मेळाव्याच्या दिवशी तिच्या विद्यार्थिनी फोनवर फोन करत होत्या आणि ती मला म्हणत होती, सांग, ताप आहे. तीन आठवड्यांनी सूज उतरली आणि मग चेहरा दिसला. कपाळावर आणि गालांवर काळपट पट्टे. डाव्या डोळ्याखाली एक पांढरा चट्टा, तिथला रंगच गेला होता. मावशीने आरसा मागितला, पाहिलं, परत दिला. "सरी," म्हणाली. तमिळमधलं ठीक आहे. त्यानंतर ती घराबाहेर पडताना मास्क लावायला लागली आणि देवळात जायची बंद झाली.

ती डबी मी प्रयोगशाळेत नेली. कुणाला विचारलं नाही. एका बशीत म्हाताऱ्या पेशी घेतल्या, दुसरीत तरुण. दोन्हींत तो लेप टाकला. दोन्ही सारख्याच लाल चमकल्या. दोन्हींवर प्रकाश टाकला. दोन्ही मेल्या. साखरेचा तुकडा वगैरे काही नव्हतं. कातडीचे डॉक्टर काही रोगांत जपून वापरतात तसलं साधं औषध होतं ते. ते प्रत्येक पेशीत शिरतं आणि प्रत्येकीला उजेडाचं वैरी करतं. म्हातारी कोण, तरुण कोण, हे त्याला काही कळत नाही.

पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी कागद घेतला आणि क्लिनिकचा परवाना कोण देतं ते आधी बघावं लागेल म्हणाले. मी त्या क्लिनिकच्या पाटीखाली जाऊन पाहिलं, तेव्हा त्याचं नाव वाचलं. मला अक्का म्हणणारा तो मऊ आवाजाचा मुलगा. नावाआधी डॉक्टर लावलं होतं.

त्या दिवसापासून मी नीट जेवले असेन, झोपले असेन, पण मनात दुसरं काही नव्हतं. मी त्याचा लेप, त्याचा तास, त्याचे दिवे, सगळं वहीत उतरवलं. आमच्या कामात प्रयोग आखतात तसंच. फक्त या वेळी बशीत कोण असणार, हे मला माहीत होतं.

मेमध्ये मयिलापूरच्या बाजूला एका लग्नाच्या हॉलमध्ये त्याने मोफत शिबिर ठेवलं. सकाळी साडेदहाला. मी मावशीला सांगितलं, मी जाते आहे. तिने विचारलं, कशाला? मी म्हणाले, त्याचाच लेप त्याला लावायला. तिने कपाट उघडून इस्त्रीची साडी काढली.

हॉलमध्ये चाळीसएक बायका, बऱ्याचशा साठीपुढच्या. व्यासपीठामागे मोठा फ्लेक्स, त्यावर माझा फोटो दाराएवढा केलेला. धागा दोरखंडाएवढा दिसत होता. मावशी मास्क लावून तिसऱ्या रांगेत बसली. तो बोलायला उभा राहिला. तोच आवाज. मग म्हणाला, आता एका अम्मांच्या हातावर लेप लावून दाखवतो, तासाभरात तुम्ही कॉफी घ्या, मग त्यांच्या म्हाताऱ्या पेशी तुम्हाला डोळ्यांनी दिसतील.

पहिल्या रांगेतल्या एका आजींनी मनगट पुढे केलं. मी उभी राहिले.

"एक विनंती आहे," मी तमिळमध्ये म्हणाले. "तुम्हीही लावून घ्या. तुम्ही तरुण आहात. अम्मांचा हात लाल होईल, तुमचा होणार नाही. मग सगळ्यांची खात्री पटेल."

त्याने मला ओळखलं. चेहऱ्यावरचं हसू हललं नाही, पण डोळे दाराकडे गेले. "अक्का," तो म्हणाला, "तुम्ही इथे?"

"करा की," मागून कुणीतरी म्हणालं. "बरोबर बोलते ती," दुसरी. बायकांना गंमत वाटायला लागली होती. त्याने हाताची बाही वर केली.

"हातावर नको," मी म्हणाले. "लोक चेहऱ्यालाच लावून घेतात ना? गालाला लावा."

आजींच्या शेजारी एक निवृत्त परिचारिका बसल्या होत्या. त्यांना काही माहीत नव्हतं, फक्त उत्साह होता. त्यांनीच डबी उचलली, त्याच्या उजव्या गालावर लेप लावला आणि सराईत हाताने वर प्लॅस्टिक चिकटवून टाकलं. तो हसत राहिला. चाळीस बायकांसमोर त्याला दुसरं काय करता येणार होतं?

तो लेप धुऊन टाकील हे मला माहीत होतं. म्हणून कॉफीच्या वेळी मी हात धुण्याच्या जागेसमोर खुर्ची टाकून बसले. दहा मिनिटांनी तो आलाच. मला पाहून थांबला.

"अक्का, हे काय चाललंय?"

"बसले आहे."

"तुम्ही लोक वीस वर्षं उंदीर मोजत बसणार. माणसं आज म्हातारी होताहेत. मी त्यांना काहीतरी देतो आहे."

"तिसऱ्या रांगेत मास्क लावलेल्या बाई आहेत. त्यांना काय दिलंस?"

त्याने वळून पाहिलं. ओळखलं नाही. त्याच्या हाताखालून किती चेहरे गेले असतील! मग त्याला काहीतरी उमगलं असावं. आवाज आणखी मऊ झाला. "मी मुलींना सांगून ठेवलंय, पेशंटना सांगा उन्हात जाऊ नका म्हणून. एखादी विसरली असेल."

तोपर्यंत मला वाटत होतं, तो मूर्ख आहे. अर्धवट शिकलेला, स्वतःच्याच बोलण्यावर विश्वास बसलेला. मूर्खाला मी कदाचित तिथे अडवून धरलं नसतं, बाजूला होऊन त्याला तोंड धुऊ दिलं असतं. पण त्याला माहीत होतं. मी खुर्ची आणखी थोडी पुढे ओढली.

"जा," मी म्हणाले, "लोक वाट बघताहेत."

तास झाला. दिवे बंद केले, पडदे ओढले. परिचारिका बाईंनी आधी आजींच्या हातावर निळा दिवा धरला. लाल. मग त्याच्या गालावरचं प्लॅस्टिक काढलं आणि दिवा धरला. त्याचा गाल आजींच्या हातापेक्षा जास्त लाल पेटला. छत्तीस वर्षांचा गाल. हॉलमध्ये हशा पिकला.

"म्हणजे सर आमच्याहून म्हातारे!" एक बाई म्हणाल्या.

मग मी फ्लेक्सकडे बोट दाखवून सांगितलं, हा फोटो माझा आहे. उंदराच्या पेशींचा आहे. त्या रसायनाचा आणि या लेपाचा काही संबंध नाही. हा लेप म्हातारं-तरुण काही ओळखत नाही, ज्याला लागेल त्याला उजेडात भाजतो. दोघी-तिघींनी फोन वर धरून चित्रण सुरू केलं होतं. तो म्हणाला, ही बाई माझ्यावर जळते, पूर्वीची सहकारी आहे.

"बरं," मी म्हणाले. "मी खोटी. पडद्याबाहेर अंगण आहे. बारा वाजलेत. चल, दहा मिनिटं माझ्याबरोबर उन्हात उभा राहा. काही झालं नाही तर मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागते."

तो हलला नाही.

तेव्हा मावशी उठली. तिने मास्क काढून पर्समध्ये ठेवला, नीट घडी घालून. चालत त्याच्यासमोर गेली. वर्गात फळ्यापाशी चुकलेल्या मुलीजवळ जावं तशी. तमिळमध्ये, अजिबात आवाज न चढवता तिने विचारलं, "बाहेर का येत नाहीस?"

"अम्मा, ऊन फार आहे."

"मे महिन्यातलं कत्तिरीचं ऊन आहे, रोज असतं. का येत नाहीस?"

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने सांग. मागे ऐकू जात नाही."

"लेप लावल्यावर... उन्हात भाजतं."

"तुला हे माहीत होतं?"

त्याने मान खाली घातली.

"मग मला का सांगितलं नाहीस?"

मावशीने त्याचं मनगट धरलं. अडुसष्ट वर्षांच्या बाईने धरलेलं मनगट, त्याला सहज सोडवता आलं असतं. ती त्याला दाराकडे ओढायला लागली. मी मध्ये पडले नाही. मला हवं तेच होत होतं. तो खुर्च्यांना अडखळत तीन-चार पावलं गेला, मग परिचारिका बाईंनी मावशीचा हात हलकेच सोडवला. "बस, अम्मा," त्या म्हणाल्या. मला त्यांचा रागच आला.

बायका पांगल्या. लेप लावलेल्या आजींचा हात मी माझ्या ओढणीने जाड गुंडाळला, दोन दिवस खिडकीपाशीही बसू नका म्हणून बजावलं आणि त्यांच्या सुनेला गाडी दाराशी आणायला लावली. त्यांचं काही बिघडू नये, याची तेवढी काळजी मी घेतली. एवढीच.

दीडला दुसरं कार्य होतं. हॉलचा माणूस किल्ल्या वाजवत घाई करायला लागला. क्लिनिकवाल्याची गाडी अंगणाच्या पलीकडे, फाटकाबाहेर होती. पांढऱ्या फरशीचं अंगण, वर काहीही नाही. तो दारात उभा राहून त्या अंगणाकडे बघत होता. मग माझ्या हातातल्या छत्रीकडे.

"अक्का, गाडीपर्यंत. प्लीज."

मी छत्री उघडली, मावशीच्या डोक्यावर धरली आणि आम्ही दोघी निघालो. फाटकापाशी वळून पाहिलं तर त्याने भिंतीवरचा फ्लेक्स उतरवला होता. तो डोक्यावर आणि गालाभोवती लपेटून, वाकून, पळत येत होता. मला हसू आलं नाही. खूप समाधान वाटलं. ते कमी व्हायला बरेच दिवस लागले.

त्याला किती भाजलं, ते मला कळलं नाही. कल्पना मात्र मी पुष्कळ केली.

चित्रण मयिलापूर, माम्बळम, तांबरम, सगळीकडे फोनांवरून फिरलं. महिन्याभरात क्लिनिकची पाटी उतरली. आणखी सात जणी पुढे आल्या, भाजलेल्या. आमच्या सरांनी मला बोलावलं. त्यांना न विचारता पेशी वापरल्या, संस्थेचं अपुरं काम चारचौघांत उघड केलं. त्याहून त्यांना लागलं ते हे, की तपासणीसाठी कातडीचे नमुने द्यायला तयार झालेली माणसं आता घाबरून नाही म्हणायला लागली होती. "तुझ्या सुडापायी खरं कामही लोकांना फसवणूक वाटायला लागलं," ते म्हणाले. ते बरोबर होतं. मी लेखी माफी दिली, सहा महिने मला नवा प्रयोग मिळाला नाही. माफी संस्थेची मागितली. त्या रविवारची नाही.

ग्राहक न्यायालयात खटला चालू आहे. मधल्या काळात त्याचा निरोप आला, त्याची मुलगी शाळेत जाते, मुलं ते चित्रण दाखवून चिडवतात, तुम्ही तक्रार मागे घेतली तर बरं. मी तो मावशीला वाचून दाखवला. मुलीचं ऐकून तिचा चेहरा पडला. "पोरीचं काय चुकलं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण मागे नाही घेणार."

डॉक्टर बाईंनी डाग झाकायला एक क्रीम दिलंय. देवळात जाताना ती ते लावते, बाजारात जाताना लावते. कोर्टाच्या तारखेच्या दिवशी लावत नाही. सकाळच्या लोकलने आम्ही जातो, ती पहिल्या बाकावर त्याच्या बरोबर समोर बसते. तो कागदांत तोंड घालून असतो. शिपाई आमचं नाव पुकारेपर्यंत मावशी त्याच्याकडे बघत राहते, आणि मीही.